मारायचे गेम, पळवायचे गेम

मामेभावाचा दात मी कीबोर्डनं पाडला तेव्हा मी अठराची होते, तो वीसचा. जुना, जड कीबोर्ड होता. आडवा धरून हाणला. तीन-चार बटणं उडून पलंगाखाली गेली, त्याच्या ओठातून रक्त निघून बनियनवर गळायला लागलं, तरी मी दुसऱ्यांदा हात उचलला. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं मागून माझे दोन्ही दंड धरले, म्हणून दुसरा फटका हुकला.

त्यानं केलं एवढंच होतं की कॉम्प्युटरमधला माझा गेम काढून टाकला होता. त्याला गाड्यांच्या गेमचा नवा भाग टाकायचा होता आणि डिस्कवर जागा नव्हती. माझ्या गेममध्ये मी शेवटच्या मोहिमेवर पोचले होते. तीन महिने लागले होते तिथवर यायला.

"तू काहून काढला?" मी ओरडत होते. "मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तू काढू दिला असता का?" तो तोंडावर हात धरून म्हणाला. दात त्याच्या तळहातावर होता.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला होते. मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणायची, करडीहून भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकायला आला होता आणि आमच्याकडे राहत होता. कॉम्प्युटर माझ्या डिप्लोमासाठी घेतलेला. अभ्यास त्यावर रोज एक तास व्हायचा, बाकी वेळ भांडणं.

संध्याकाळी फॅक्टरीच्या बसमधून बाबा उतरले. आईनं दारातच सांगितलं. बाबांनी डबा ठेवला, दादाचं तोंड उघडून पाहिलं आणि मला कानाखाली मारली. त्याआधी त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. मग कॉम्प्युटरची वायर काढून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

"दिवसभर मी त्याच्यातच राहतो," ते म्हणाले. "घरी येऊन तेच धडाम-धुडूम. काय मिळते वो तुले त्याच्यात?"

ह्याचं उत्तर मला आज देता येईल, पण बाबांना ते आवडलं नसतं. मला मारायला आवडायचं. नेम धरून, श्वास रोखून, समोरच्याला कळायच्या आत.

आमच्या घरात चार गेम होते आणि इंग्रजी नावं कोणी घ्यायचं नाही. बंदुकीचे दोन, गाड्यांचे दोन. बंदुकीतला एक पलटणवाला. त्यात महायुद्ध होतं, बर्फ होता, कोसळणाऱ्या इमारती होत्या, कानाशी ओरडून हुकूम देणारा हवालदार होता. दुसरा वाळूवाला. पिवळ्या भिंतींची गल्ली, दोन टोळ्या, एक बॉम्ब. मला पलटणवाला आवडायचा, कारण त्यात कथा होती आणि मरण स्वस्त होतं. गोळ्या लागल्या की पडदा लाल व्हायचा, आपण भिंतीमागे बसायचं, जोरजोरात श्वास घ्यायचा आणि आठ-दहा सेकंदांत पुन्हा धडधाकट. वाळूवाल्यात तसं नाही. डोक्यात एक गोळी आणि खेळ खलास. बाकीचे मरेपर्यंत किंवा जिंकेपर्यंत मेलेल्यानं गप्प बसून पाहायचं. मला ते बसणं सहन व्हायचं नाही.

दादा दोन्हींवर थुंकायचा. त्याचा गेम पोलीसवाला. शहरातले रिकामे रस्ते, मागे सायरन, बटण दाबलं की निळ्या आगीसारखा वेग. पोलिसांची गाडी कठड्यावर चेपून तिचा चेंदामेंदा करायला त्याला फार आवडायचं. दहाव्या वर्षापासून तो मामाचा ट्रॅक्टर हाकत होता, त्यामुळे हात तयार होता. चौथा गेम ट्रॅकवाला. त्यात टायर झिजायचे, वळणाआधी ब्रेक मारावा लागायचा, नाहीतर गाडी खडीत जाऊन बसायची. दादा त्याला हात लावायचा नाही.

"हा गेम नाही," तो म्हणायचा, "आरटीओची परीक्षा हाय."

पंधरा दिवसांनी वायर कपाटातून निघाली, मी जागा करून माझा गेम परत टाकला आणि वाद पुन्हा सुरू झाला. दादाचं म्हणणं, बंदुकीचा गेम भित्र्यांचा. "भिंतीमागं लपून मारायचं, त्याच्यात काय हाय? गाडीत तू हाय अन् रस्ता हाय. चूक झाली तर तुझीच."

"तुझी गाडी तीस वेळा आपटते अन् तशीच पळत राहते," मी म्हणायची. "काय चूक अन् काय बरोबर? तुझ्या गेममध्ये कोणी मरतच नाही."

"मरायचंच काहून पाहिजे पण तुले?"

एकदा ह्या वादात त्यानं माझा हात पिरगाळला तो आठ दिवस दुखला. मी त्याच्या मांडीत कंपास खुपसला. आई म्हणायची, ह्या दोघांत एक भाऊ आणि एक बहीण नाही, दोन कोल्हे राहतात.

भंडाऱ्यात बसस्टँडजवळ एका दुकानाच्या वर सायबर कॅफे होता. आठ मशिनी एकमेकांना जोडलेल्या. तिथे वाळूवाला गेम माणसं माणसांशी खेळतात, असं दादाच सांगायचा. मी मागे लागले. "तिकडं पोरी येत नाहीत," तो म्हणाला. मी तरी लागलेच. शेवटी दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी त्यानं मला करडीहून आणलेल्या मामाच्या मोटरसायकलवर बसवून नेलं.

खोलीत घामाचा आणि तापलेल्या वायरींचा वास होता. मी शिरले तशा सगळ्या माना वळल्या. दादा कोपऱ्यातल्या मशिनीवर पोलीसवाला लावून बसला. मला मधली मशीन मिळाली. माझ्या शेजारी एक धिप्पाड मुलगा होता, दादाच्याच वयाचा, बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा. त्या कॅफेत तो पहिल्या नंबरचा, हे मला पहिल्या पाच मिनिटांतच तीन जणांनी सांगितलं.

पहिल्या डावाला त्यानं मला मारलं. मी गप्प बसून पाहत राहिले, आणि पाहता पाहता मला तो गेम कळला. मेलेल्याला बसवून ठेवतात ते पाहण्यासाठीच. तो कुठल्या दाराआड थांबतो, पावलांचा आवाज आला की कसा डावीकडे सरकतो, सगळं दिसलं. दुसऱ्या डावाला मी त्या दाराच्या डावीकडे आधीच नेम धरून उभी होते. एक गोळी. तिसऱ्या डावाला पुन्हा तेच. चौथ्याला त्यानं दार बदललं, मी पाठीमागून गेले आणि चाकूनं मारलं. पाचव्याला खोलीतली पोरं त्याला हसायला लागली.

त्यानं मला एक शिवी दिली. बाईला देतात ती. मी हेडफोन न काढता म्हणाले, "मेला ना तू? मेलेल्यानं गप बसायचं."

पुढचं फार पटकन झालं. माझी वेणी मागे ओढली गेली आणि कपाळ टेबलाच्या पत्र्याच्या कडेवर आदळलं. एकदा, मग पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळेस भुवईच्या वर कातडी फाटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. डोळ्यात गरम काहीतरी उतरलं. मग वेणी सुटली.

मी मान वर केली तर दादा स्टूल घेऊन उभा होता. लोखंडी पायांचं स्टूल. पहिला फटका त्या मुलाच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर, आणि नाक मोडल्याचा आवाज आला. तो खाली पडला. दादा त्याच्या छातीवर गुडघा टेकून बसला आणि मुठीनं मारायला लागला. ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. शेतात खुंटा ठोकावा तसा एका लयीत मारत होता. त्या मुलाचे हात आधी वर येत होते, मग यायचे थांबले.

कोणीतरी "छोड बे, मर जायेगा" म्हणालं. आणि मी म्हणाले, "आणखी."

मोठ्यानं म्हणाले. रक्तानं एक डोळा मिटलेला, दुसऱ्या डोळ्यानं पाहत.

कॅफेवाल्यानं आणि दोघातिघांनी मिळून दादाला ओढून काढलं. तेवढ्यात त्या मुलाचे दोन दोस्त खालून जिना चढत आले, एकाच्या हातात क्रिकेटचा स्टंप होता. दादानं मला पुढे घातलं, त्यांना ढकलून आम्ही जिना उतरलो आणि मोटरसायकलवर बसलो. किक दुसऱ्या वेळेला लागली. बाजारातून निघून हायवेला लागलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं. दोन गाड्या मागे होत्या. पहिलीवर ते दोघं. दुसरीवर तो स्वतः, एकटा, नाकातोंडातून रक्त गळत असलेला.

"किती हायेत?" दादानं विचारलं.

"दोन गाड्या."

तो हसला. मला पाठीमागून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याची पाठ हसत होती. हे त्याला येत होतं. समोर ट्रक होता, त्यानं डावीकडून काढली, खडीवरून. मग दोन ट्रकांच्या मधून. समोरून येणाऱ्या बसनं हॉर्न मारला तो हँडलमधून माझ्या हातांपर्यंत आला. मी त्याच्या शर्टाला धरलं होतं आणि माझ्या कपाळाचं रक्त त्याच्या पाठीवर पसरत होतं. स्टंपवाल्यांची गाडी एकदा इतकी जवळ आली की स्टंप मागच्या दिव्यावर लागून काच फुटली. दादानं गाडी त्यांच्यावर घातली. खरंच घातली, पोलिसांच्या गाडीला कठड्यावर दाबावं तशी. ते रस्त्याच्या खाली उतरले आणि मागे पडले.

"पाहिलं?" तो ओरडला. "पाहिलं का वो?"

जवाहरनगरकडे सरळ गेलो असतो तर बरं झालं असतं. पण घरापर्यंत त्यांना न्यायचं नाही, असं त्याच्या मनात आलं असावं. त्यानं मधेच एका गावाच्या रस्त्याला गाडी वळवली. अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे कापणी झालेल्या बांध्या, बांधांमधली धानाची छोटी शेतं. तिसरं वळण त्यानं वेग कमी न करता घेतलं, गाडी झोपवून, त्याच्या गेममध्ये घेतात तसं.

वळणापलीकडे अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं, आणि एक म्हातारी बाई त्यातून पाय ओढत ओढत ते पालटत होती.

त्याच्या गेममधल्या शहरांत माणसं नसतात. हे मी त्याला कितीतरी वेळा म्हटलं होतं, चिडवायला. रस्ते, दिवे, पूल, दुकानं सगळं असतं, फक्त रस्त्यावर कोणी नसतं.

त्यानं बाईला चुकवलं. ब्रेक मारला आणि हँडल फिरवलं, आणि चाक धानावर गेलं. डांबरावरचं धान म्हणजे पायाखाली सांडलेले मणी. गाडी आमच्या खालून निघून गेली. मी बाजूच्या बांधीत फेकली गेले, चिखल वरून वाळला होता पण आत मऊ होता. दादा गाडीबरोबर घसरत गेला आणि मैलाच्या दगडाला लागून थांबला. त्याचा डावा पाय दगड आणि इंजिनाच्या मध्ये होता.

मी उठून गेले तेव्हा तो ओरडत नव्हता. पायाकडे पाहत होता. नडगीचं हाड पॅन्टमधून बाहेर आलेलं होतं. पांढरं नव्हतं, मला वाटायचं हाड पांढरं असतं. मग तो ओरडायला लागला.

मला काय करायचं ते कळेना. मी शेकडो माणसं मारली होती, पण जखमी माणसाला कुठे धरायचं ते मला माहीत नव्हतं. मी त्याच्या डोक्याजवळ बसून "श्वास घे दादा, श्वास घे" म्हणत राहिले, जसं काही दहा सेकंदांत बरं होणार होतं.

मागून गाडी थांबल्याचा आवाज आला. तो मुलगा होता. एकटाच, त्याचे दोस्त आलेच नाहीत. मी हातात दगड उचलला. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. दादाकडे पाहिलं, गाडी तशीच पाडून धावत आला, अंगातला टी-शर्ट काढला आणि गुडघ्याच्या वर मांडीला करकचून आवळला.

"इंजिन उचल," तो मला म्हणाला. "दगड फेक अन् इंजिन उचल!"

मी उचललं. सायलेन्सरनं तळहात भाजले. त्यानं पाय ओढून काढला, आणि दादानं जी किंकाळी मारली ती ऐकून ती बाई मटकन धानातच बसली. मग तीच उठली, गावातून माणसं आणि खाट घेऊन आली. तीनचाकी टेम्पोतून आम्ही दवाखान्यात गेलो. पूर्ण रस्ताभर तो मुलगा मांडी दाबून बसला होता. त्याच्या मोडलेल्या नाकातून रक्त थेंब थेंब दादाच्या पायावर पडत होतं. दादानं त्याची मनगटं इतकी घट्ट धरली होती की नखं रुतली.

माझ्या कपाळाला सहा टाके पडले. दादाला नागपूरला नेलं, पायात सळई टाकली. तिथे तिसऱ्या दिवशी बाबांनी पोलिसांत जायचं काढलं. "पोरीचं डोकं फोडलं त्यानं," ते म्हणाले.

दादा उशीवरून म्हणाला, "त्याचं नाक मी फोडलं, फुवा. जायचं तर जा. पण मग माझंबी नाव लिहिजो." मग बाबा चहा आणायला खाली गेल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाला, "आणखी म्हणली होती तू. आयकलं मी."

मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

"थांब म्हणली असती तर मी थांबलो नसतो," तो म्हणाला. "पण म्हणायले पाहिजे होतं."

मामानं कोणालाच काही विचारलं नाही. त्यानं फक्त दादाला विचारलं, "धान कोणाचं होतं?" दुसऱ्या दिवशी तो त्या गावी गेला आणि आपल्या घरच्या धानाचं एक पोतं त्या म्हातारीच्या दारात उतरवून आला. रक्त सांडलेलं धान माणूस खाणार कसा, एवढंच तो म्हणाला.

दादा करडीला गेला. विहाराच्या मागे मामाचं घर, ओसरीत खाट. बाबांनी स्वतः कॉम्प्युटर टेम्पोत घालून तिकडे नेऊन दिला. मी म्हटलं, चारही गेम आहेत त्यात. दादानं पोलीसवाला उघडला नाही. ट्रॅकवाला उघडला. एकच ट्रॅक, त्यातलं एकच वळण. वळणाच्या आधी ब्रेक, मग वळण, मग गेम बंद करून पुन्हा तेच. मामी म्हणायची, दिवसभर हा एवढंच करतो. मी शनिवारी जायची तेव्हा शेजारी बसून पाहायची. तो अगदी बरोबर ब्रेक मारायचा, गाडी अलगद निघायची आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलाही आनंद नसायचा.

माझंही मत तेव्हा बदललं. पलटणवाला मला खोटा वाटायला लागला. भिंतीमागे बसून बरं व्हायचं, हे मी कधी मानलं होतं याचीच लाज वाटायची. खरा गेम वाळूवाला, असं मी ठरवलं. मेलं की मेलं. पण माझा राग गेला नव्हता. टाके निघाले, व्रण राहिला, आरशात रोज दिसायचा. त्या मुलानं पाय बांधला हे मला माहीत होतं. त्यानं माझं डोकं दोनदा आपटलं हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नव्हत्या.

संक्रांतीनंतर मी एकटी त्या कॅफेत गेले. तो होता. नाक वाकडं बसलेलं. मी त्याच्या शेजारची मशीन मागितली आणि म्हणाले, "लाव."

त्यानं वाळूवाला लावला. दोघंच. पहिल्या डावाला मी त्याला डोक्यात मारलं. दुसऱ्याला पोटात. तिसऱ्याला तो मला गल्लीच्या तोंडाशीच उभा दिसला, उघड्यावर. मी चाकू काढला आणि जवळ जाऊन मारलं. चौथ्याला पुन्हा तिथेच उभा. मारलं. पाचव्याला, सहाव्याला. तो पडायचा, डाव बदलायचा, तो पुन्हा उभा दिसायचा, मी पळत जाऊन भोसकायची. माझे दात आवळलेले होते. किती वेळा मारलं ते मी मोजलं नाही.

कधीतरी मी बाजूला पाहिलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. माऊसला तो हातच लावत नव्हता. पडद्यावर स्वतःला मरताना पाहत बसला होता.

हे कळल्यावर मी थांबले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी तो डाव पुरा केला. त्यानंतरचा अजून एक खेळले. मग हेडफोन ठेवला.

"पाय कसा हाय त्याचा?" त्यानं पडद्याकडे पाहतच विचारलं.

"सळई टाकली. चालते थोडा थोडा."

"सांगजो त्याले," तो म्हणाला, आणि काय सांगायचं ते त्याला सुचलं नाही.

मी जिना उतरून आले आणि बसस्टँडवर एका बाकावर बसले. जवाहरनगरची एक गाडी माझ्यासमोरून निघून गेली तरी मी उठले नाही. त्या कॅफेत मी पुन्हा गेले नाही. गेम मात्र सोडले नाहीत. नोकरीला नागपुरात आल्यावरही खेळले, आजही खेळते, आणि कुठला बंदुकीचा गेम इमानदार आणि कुठला नकली यावर अनोळखी लोकांशी तासन् तास भांडते.

दादाला डॉक्टरांनी वर्षभर ट्रॅक्टरला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी करडीला होते. मामा चिखलणी करत होता आणि बोडीचं, म्हणजे शेततळ्याचं, पाणी बांध्यांत सोडलेलं होतं. दादा काठी टेकत बांधावरून आला आणि म्हणाला, "उतर बाबा."

"पाय?"

"उतर म्हणलं ना."

मामा उतरला. दादा दोन्ही हातांनी स्वतःला ओढून वर चढला. क्लच डाव्या पायाचा. पहिल्यांदा दाबला तेव्हा त्याच्या तोंडातून एवढी घाणेरडी शिवी निघाली की बांधावर पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन उभ्या असलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा त्या हसल्या नाहीत. दर वळणाला क्लच, दर क्लचला शिवी, आणि चिखल चाकांवरून दोन्हीकडे उडत होता. एक बांधी त्यानं पुरी केली. मग उतरला, बांधाला धरून वाकला आणि ओकला.

मी पाण्याचा लोटा घेऊन गेले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं चूळ भरली, उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं.

"आता बस झालं, दादा," मी म्हणाले.

त्यानं लोटा माझ्या हातात दिला, पाय हातांनी उचलून पायरीवर ठेवला आणि पुन्हा वर चढला. मामानं पुढच्या बांधीचा बांध फावड्यानं फोडून वाट केली. ट्रॅक्टर हळूहळू तिच्यात उतरला.